ऑटोपायलटच्या मोटरचा करंट अचूक कसा मोजावा

सुकाणू टोकाला जाऊन अडलं किंवा त्यात दोर गुंतला, तर घरी बनवलेल्या ऑटोपायलटला (मोटरने सुकाणू आपोआप फिरवणाऱ्या यंत्राला) ते एकाच गोष्टीवरून कळतं: मोटरचा करंट एकदम वाढतो. म्हणून हे मोजमाप नीट बसवल्याशिवाय बोट पाण्यात नेऊ नका.

करंट मोजणारा सेन्सर बसवायचा तो ड्रायव्हर (मोटरला वीज देणारं सर्किट) आणि मोटर यांच्या मधल्या तारेत. माझ्या पहिल्या जोडणीत तो बॅटरीच्या तारेत होता, आणि सुकाणू फिरवणारी वायपर मोटर जळाली. पीडब्ल्यूएम (वीज झपाट्याने चालू-बंद करून मोटरचा जोर कमी-जास्त करणं) ३० टक्क्यांवर असताना अडलेल्या मोटरमधून ६ अँपिअर वाहत असले, तरी बॅटरीतून सरासरी २ अँपिअरही जात नाहीत. कंट्रोलरला सगळं आलबेल दिसतं आणि आत मोटरच्या तारेची गुंडाळी तापत राहते.

सामान पुण्यात सहज मिळतं. ३० अँपिअरचा एसीएस७१२ सेन्सर तपकीर गल्लीत, आणि एच४ हेडलाइटचा ६०/५५ वॅटचा बल्ब नाना पेठेत. बल्ब कशाला? मोटरचा करंट सारखा हलतो, तापलेल्या बल्बचा स्थिर राहतो. कॅलिब्रेशनपुरता, म्हणजे सेन्सरचं रीडिंग मीटरशी जुळवण्यापुरता, मोटरच्या जागी बल्ब जोडा आणि त्याच तारेत मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावा. बॅटरीच्या तारेत फ्यूज हवाच.

आधी शून्य. ड्रायव्हर चालू, पीडब्ल्यूएम बंद. सेन्सरच्या ६४ रीडिंगची सरासरी घ्या. ५ व्होल्टवर या सेन्सरचं शून्य अडीच व्होल्टला असतं, म्हणजे आर्डुइनो उनो या कंट्रोलर बोर्डवर रीडिंग ५१२ च्या आसपास. माझं ५११ आलं. पुस्तकातला आकडा न वापरता तुमचाच लिहून ठेवा.

मग बल्बच्या दोन्ही फिलामेंट जोडून पीडब्ल्यूएम हळूहळू १०० टक्क्यांपर्यंत न्या. थंड फिलामेंट सुरुवातीला कितीतरी पट करंट ओढते. एकदम चालू केलं तर मीटरचा फ्यूज उडू शकतो. पूर्ण १०० टक्के हवेतच, कारण तुकड्या-तुकड्यांच्या करंटवर साधं मीटर आणि सेन्सर यांचं जमेलच असं नाही. मीटरवर ९.० अँपिअर आणि रीडिंग ६३३ आलं, तर ५११ या शून्यापासून फरक १२२. ९.० भागिले १२२ म्हणजे ०.०७३८, हा तुमचा गुणक; शून्यापासूनच्या फरकाला याने गुणलं की अँपिअर मिळतात. मीटरच्या या रेंजवर जास्त वेळ करंट चालू ठेवू नका, दहाएक सेकंदांत आकडे टिपून घ्या.

आता एक फिलामेंट काढा. मीटर ४.३ दाखवत असेल, तर रीडिंग ५६९ च्या जवळ यायला हवं. बराच फरक पडला तर गुणकाशी खेळत बसू नका. सैल स्क्रू किंवा बारीक तार शोधा, बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. तारा उलट जोडून दुसऱ्या दिशेनेही पाहा, कारण सुकाणू दोन्हीकडे वळतं.

मोटर परत जोडून मोकळं सुकाणू फिरवा आणि करंट टिपा. मग सुकाणू हाताने दाबून धरून, पण अडू न देता, फिरवून पाहा. बंद करण्याची मर्यादा या दुसऱ्या आकड्याच्या थोडी वर ठेवा, आणि पाव सेकंद सतत ओलांडली तरच मोटर थांबू द्या. सुरू होतानाचा क्षणिक झटका त्यामुळे निसटतो.

हा सेन्सर चुंबकक्षेत्रावर चालतो. म्हणून पेटी बोटीत मोटरशेजारी किंवा जाड तारांजवळ बसवली, की शून्य सरकू शकतं. शेवटचं शून्य बोटीतच, सगळं जागेवर घट्ट बसल्यावर घ्या.