जुन्या माउंटन सायकलची रोजची सायकल बनवताय? या चुका टाळा

अडगळीत पडलेली स्वस्तातली माउंटन सायकल घ्यायची, तिला गुळगुळीत टायर, मडगार्ड आणि कॅरिअर लावायचं आणि जवळपासच्या कामांना वापरायची, ही कल्पना मला मनापासून आवडते. फ्रेम दणकट असते, रुंद टायर आणि मडगार्ड दोन्हींना पुरेशी जागा असते. पण "जरा बघता का" म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक सायकलींची वाट दुरुस्तीच्या पहिल्याच दिवशी लागलेली असते. पाना हातात आला की लोकांना धीर धरवत नाही.

पहिली चूक निवडीतच होते. पुढे-मागे शॉकअपवाली सायकल या कामाला घेऊ नका. स्वस्तातले ते शॉकअप जड असतात, सांध्यांत खुळखुळतात आणि पायाचा जोर खातात. कॅरिअर लावायलाही धड जागा मिळत नाही. साधी, न हलणारी फ्रेम बघा. हँडलखालच्या जोडांपाशी रंगाला बारीक चीर दिसली तर नखानं खरवडून बघा. चीर खालच्या धातूत असेल तर ती सायकल सोडून द्या.

सगळ्यात जास्त जीव जळतो तो डाव्या पायडलपायी. त्याचे आटे उलटे असतात. चालवताना ते आपोआप सुटू नये म्हणून तशी रचना केलेली आहे. हे माहीत नसलेला माणूस सुटत नाही म्हणून जोर लावतो आणि प्रत्यक्षात ते आणखी आवळत राहतो. बसवताना तर त्याहून वाईट. माझ्या भाच्यानं सायकल घरीच उघडली, पायडल धुतली आणि परत बसवायला घेतली. फोन आला, "मामा, पायडल बसतंय, पण जरा वाकडं जातंय. अजून थोडा जोर लावू का?" मी "हात लावू नकोस" म्हणेपर्यंत त्यानं जोर लावलाही होता. जाऊन बघितलं, तर क्रँकच्या, म्हणजे पायडल जिला जोडलेलं असतं त्या दांडीच्या, भोकातून अॅल्युमिनियमचा चकचकीत, कुरळा कीस बाहेर आला होता आणि पायडल नुसत्या बोटानं डुगडुगत होतं. उजवं पायडल डाव्या क्रँकमध्ये घातलं होतं. पायडलचा दांडा पोलादी, क्रँक अॅल्युमिनियमची, त्यामुळे आटे गेले ते क्रँकचेच. दांड्याच्या टोकावर 'एल' आणि 'आर' ही अक्षरं कोरलेली होती, पण ती वाचायला कुणी थांबलं नव्हतं. क्रँक बदलावी लागली.

लक्षात ठेवायला खूण सोपी आहे. पाना वरच्या दिशेला उभा धरा. पुढच्या चाकाकडे ढकलला की दोन्ही पायडल आवळतात, मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही सुटतात. मी आटे पुसतो, ग्रीस लावतो आणि पहिले तीन-चार फेरे फक्त बोटांनी देतो. बोटांनी फिरत नसेल तर पान्याला हातच लावत नाही. क्रँकच्या मधल्या एक्सललाही, म्हणजे बीबीला, हीच काळजी घ्या. नेहमीच्या इंग्लिश आट्यांच्या बीबीत उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा असतो. गंजलेला कप हलत नसेल तर पातळ तेल सोडा आणि रात्रभर तसाच राहू द्या. हातोडा हा शेवटचा उपाय आहे, पण नवशिके सुरुवातच त्यानं करतात.

फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्र्यांचा भाग, काढायच्या आधी चाकाच्या तारा कापू नका. ते उघडायचा ओपनर शिकंज्यात पकडून अख्खं चाक फिरवलं की फ्रीव्हील सुटतं. तारा गेल्या की धरून जोर लावायला काही उरत नाही.

आता गिअर. साधी सायकल म्हणजे एकच गिअर, असं डोक्यात घेऊन लोक डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, उतरवतात, मागचं सहा-सात चक्र्यांचं फ्रीव्हील तसंच ठेवतात आणि चेन तोडून मधल्या एका चक्रीवर ताणून बसवतात. सपाटीवर फेरी मारली की वाटतं, जमलं. चढावर उभं राहून जोर लावला की चेन शेजारच्या मोठ्या चक्रीवर चढते, कारण त्या चक्र्यांचे दाते चेन सहज सरकावी म्हणूनच तसे घडवलेले असतात. मोठ्या चक्रीला पुरेल इतकी चेन उरलेली नसते. मग चेन अडकून बसते, नाहीतर मागचा एक्सल वाकतो.

मागचा एक्सल ज्या खाचेत बसतो ती आधी बघा. खाच आडवी असेल तर चाक मागे ओढून चेन ताणता येते. उभी असेल तर चाक सरकत नाही, आणि चेन झिजून लांबली की उतरायला लागते; तिथे स्प्रिंगचा टेन्शनर लागतो. आडवी खाच असेल आणि एका चक्रीचं फ्रीव्हील बसवायची तयारी असेल तर एकच गिअर जरूर करा. पुढे 36 आणि मागे 18 दाते हे प्रमाण सपाट रस्त्याला आणि किरकोळ चढाला पुरतं. बाकीच्यांना माझा आग्रह आहे की मागचा गिअर राहू द्या. पुढची चेन मधल्या चक्रीवर आणा आणि डाव्या शिफ्टरला, म्हणजे पुढचा गिअर बदलायच्या खटक्याला, पुन्हा हात लावू नका. मागचा डिरेलर चेन ताणून धरतो आणि चढावर गिअरही देतो. तो काढून सायकलचं वजन फारसं कमी होत नाही.

टायर घेताना नुसतं '26' बघू नका. माउंटन सायकलच्या 26 x 1.75 टायरची बैठक 559 मिलिमीटर व्यासाची असते, अपूर्णांकात लिहिलेल्या 26 x 1 3/8 ची 590. दोन्ही 26 इंचीच, पण एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. टायरच्या बाजूवर 47-559 असा आकडा शोधा आणि शेवटचे तीन अंक जुळवा.

गंज सोडवायचा स्प्रे हे चेनचं तेल नव्हे.

रंग सगळ्यात शेवटी, आणि आट्यांवर किंवा बेअरिंगच्या जागी अजिबात नको. सीटचा दांडा ग्रीस लावूनच घाला, नाहीतर काही वर्षांत तो फ्रेममध्येच जाम होतो. सीटच्या आणि हँडलच्या दांड्यावर कमाल उंचीची खूण असते, तिच्या वर कधीही ओढू नका.

व्ही-ब्रेकला, म्हणजे रिमच्या दोन्ही बाजूंना लांब उभे दांडे असलेल्या ब्रेकला, व्ही-ब्रेकचीच लिव्हर लावा, कारण जुन्या लिव्हरनं केबल पुरेशी ओढली जात नाही. क्रोमच्या लोखंडी रिमवर पावसात ब्रेक फार उशिरा धरतो. पावसात चालवायची असेल तर निदान पुढची रिम अॅल्युमिनियमची घ्या.

आणि क्रँकचा बोल्ट पहिल्या काही फेऱ्यांनंतर पुन्हा आवळून बघा. सैल क्रँक तशीच दामटली की तिचं चौकोनी भोक घासून मोठं होतं, मग कितीही आवळली तरी ती टिकत नाही.