चालू प्रोजेक्टमध्ये एकसारखी कोडिंग स्टाइल कशी आणावी

टॅब की स्पेस, कंस त्याच ओळीवर की खालच्या, यावर मीटिंग घेऊ नका. तुमच्या भाषेत रुळलेला फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारे टूल) घ्या आणि त्याचे डिफॉल्ट जसेच्या तसे ठेवा: गोसाठी गोफम्ट, रस्टसाठी रस्टफम्ट, पायथनसाठी ब्लॅक किंवा रफ, जावास्क्रिप्टसाठी प्रीटियर. ब्लॅकची ओळमर्यादा 88 अक्षरांची, प्रीटियरची 80. दोन्ही चालतात. लांबलचक स्टाइल गाइड लिहून टीमला पाठवण्याचा सल्ला मात्र कोणी दिला तरी घेऊ नका. जो नियम मशीन तपासत नाही तो रिव्ह्यू करणाऱ्याच्या माथी येतो आणि पहिल्याच घाईच्या रिलीजला मोडतो.

पहिल्या कमिटमध्ये (गिटमधली बदलांची एक नोंद) फक्त सेटिंग: फॉरमॅटरची कॉन्फिग फाइल, एडिटरकॉन्फिग (एडिटरला टॅब-स्पेससारख्या सेटिंग सांगणारी फाइल) आणि गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये ओळ कशाने संपवायची ते. फॉरमॅटरची आवृत्ती नेमकी लिहा, "अमुक किंवा त्यापुढची" असे नको. ब्लॅकची स्थिर स्टाइल दर वर्षीच्या पहिल्या आवृत्तीत बदलू शकते. दोघांकडे दोन आवृत्त्या असल्या की एकाने फॉरमॅट केलेली फाइल दुसरा परत उलटवत बसतो. जनरेट होणारा कोड, बाहेरून आणलेल्या लायब्ररी आणि टेस्टचे स्नॅपशॉट वगळा. या कमिटला "फॉरमॅट-आधी" असा टॅग (त्या कमिटला दिलेले कायमचे नाव) लावा.

दुसऱ्या कमिटमध्ये पूर्ण रेपोवर (प्रोजेक्टच्या सगळ्या कोडवर) फॉरमॅटर चालवा. हाताने एकही अक्षर बदलू नका आणि लिंटरच्या (कोडमधल्या संभाव्य चुका शोधणाऱ्या टूलच्या) आपोआप दुरुस्त्या यात मिसळू नका. ब्लॅक फॉरमॅटिंगनंतर कोडचा अर्थ तोच राहिला का हे स्वतः पडताळतो. लिंटर तशी हमी देत नाही. इम्पोर्टचा क्रम बदलला तरी मॉड्यूल लोड होतानाचे काम वेगळ्या क्रमाने होऊन प्रोग्राम बिघडू शकतो. टेस्ट चालवा, मेनमध्ये (मुख्य ब्रँचमध्ये) घ्या, "फॉरमॅट-नंतर" टॅग लावा.

खरी कसोटी इथून पुढे, कारण बाकीच्यांच्या ब्रँच (अजून मेनमध्ये न आलेल्या कामाच्या शाखा) उघड्या आहेत. "ज्या फाइलला हात लावाल तेवढीच फॉरमॅट करा" या सल्ल्याने सहा ओळींचा बदल तीनशे ओळींच्या डिफमध्ये (बदललेल्या ओळींच्या यादीत) बुडतो आणि बग रिव्ह्यूमधून सुटतो. "आधी सगळ्या ब्रँच संपवा" म्हणाल तर तो दिवस कधीच उगवत नाही. आणि मेन सरळ ब्रँचमध्ये मर्ज केला (मिसळला) तर ब्रँचवर बदललेल्या जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये कॉन्फ्लिक्ट (दोन्हीकडचे बदल एकाच जागी आदळणे) येतात. ते हाताने सोडवू नका. थकलेला माणूस चुकीची बाजू ठेवतो. प्रत्येक ब्रँचवर याच क्रमाने जा:

1. "फॉरमॅट-आधी" टॅग ब्रँचमध्ये मर्ज करा. इथे आलेले कॉन्फ्लिक्ट खरे आहेत, ते नीट सोडवा.
2. त्याच आवृत्तीचा फॉरमॅटर पूर्ण ब्रँचवर चालवून कमिट करा.
3. "फॉरमॅट-नंतर" टॅग "अवर्स" स्ट्रॅटेजीने मर्ज करा.
4. मग नेहमीसारखा मेन मर्ज करा.

तिसरी पायरी धोक्याची आहे. "अवर्स" स्ट्रॅटेजी समोरच्या बाजूचा मजकूर बघतही नाही. आपलीच फाइल ठेवते आणि "मर्ज झाले" अशी नोंद करते. पहिली पायरी गाळली असेल तर इतरांचे काम एकाही कॉन्फ्लिक्टशिवाय गायब होते. टॅगऐवजी मेनचे टोक दिले तरी तेच. याच नावाचा एक ऑप्शनही आहे, तो फक्त कॉन्फ्लिक्टपुरता आपली बाजू घेतो. इथे तो नको, स्ट्रॅटेजीच हवी. तिसरी पायरी झाली की "फॉरमॅट-नंतर" टॅग आणि ब्रँच यांचा डिफ काढा. त्यात फक्त तुमचे बदल दिसले पाहिजेत. अनोळखी ओळी पुसलेल्या दिसल्या तर पुश करू नका, पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.

गिट ब्लेममध्ये (कोणती ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणारी कमांड) आता फॉरमॅटरने बदललेली प्रत्येक ओळ फॉरमॅट करणाऱ्याच्या नावावर दिसेल. गिट 2.23 पासून यावर उपाय आहे: दुर्लक्ष करायच्या कमिटची एक फाइल ठेवा, त्यात फॉरमॅटिंग कमिटचा पूर्ण हॅश (कमिटचा ओळख क्रमांक) लिहा आणि ब्लेमच्या सेटिंगमध्ये त्या फाइलचे नाव द्या. हॅश मेनमध्ये गेल्यानंतरचाच घ्या. स्क्वॉश (अनेक कमिट एकात घालणे) किंवा रीबेस (कमिट नव्या पायावर पुन्हा लावणे) झाला की हॅश बदलतो आणि फाइलमधली नोंद निकामी ठरते. ही सेटिंग प्रत्येकाने आपापल्या क्लोनमध्ये करायची असते, म्हणून प्रोजेक्टच्या सेटअप स्क्रिप्टमध्ये ती ओळ घाला.

फॉरमॅट कमिट मेनमध्ये गेला त्याच दिवशी सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप तपासण्या चालवणारी यंत्रणा) तपासणी सुरू करा. कमिटआधीचा हुक (कमिट करताना आपोआप चालणारी स्क्रिप्ट) सोयीचा आहे, पण एका फ्लॅगने तो टाळता येतो, त्यामुळे अडवण्याचे काम सीआयनेच करायचे. तपासणी फसली की लॉगमध्ये नेमकी कोणती कमांड चालवायची ती छापा, म्हणजे नव्या माणसाला कोणाला विचारत बसावे लागणार नाही.