परदेशातली ईद आणि पहिलं बाळंतपण: या चुका टाळा

रमजान महिनाभरावर आला की माझा फोन सुरू होतो. डिचोली, साखळी, वाळपई, फोंडा या पट्ट्यातल्या आमच्या मुली लग्न करून मस्कत, दोहा, कुवेत, दुबईला जातात. हल्ली काही इंग्लंडलाही जातात. वर्ष-दीड वर्षात दिवस राहतात आणि पहिला रमजान, पहिली ईद तिकडेच येते. मी मस्कतमध्ये आठ वर्षं संसार केला, माझा थोरला मुलगा तिथेच जन्मला, म्हणून मुली मला विचारतात. मी डॉक्टर नाही की आलिमा, म्हणजे दीन शिकलेली बाई, नाही. पण त्याच त्या चुका इतकी वर्षं पाहतेय की आता एकदाच सगळं लिहून काढते.

रोजा ठेवायचा आणि डॉक्टरांपासून लपवायचा

सगळ्यात घातक चूक हीच, आणि मी स्वतः ती केली आहे.

२०१३ साली रमजान ऐन जुलैत आला होता. मस्कतमध्ये पहाटे चारच्या आसपास सेहरी, म्हणजे रोज्याआधीचं खाणं, संपायची आणि मगरीबला, म्हणजे सूर्यास्ताला रोजा सोडायला, सात वाजत यायचे. पारा चाळिशीच्या वर. मला पाचवा महिना लागला होता. अम्मीने फोनवर सांगितलं होतं, "तू पोटात होतीस तेव्हा मी तीसच्या तीस ठेवले." तिने प्रेमाने सांगितलं, मी ते हुकूम म्हणून घेतलं. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सरळ विचारलं, "रोजे ठेवतेस का?" मी म्हटलं, "नाही." नवरा शेजारीच बसला होता. त्याला माहीत होतं, तोही गप्प राहिला.

लघवीत कीटोन आले. उपाशी शरीर चरबी जाळू लागलं की ते येतात. पण मी तर जेवत असल्याचं सांगितलं होतं. डॉक्टरीणबाईंना वाटलं, हिला उलट्या होत असणार आणि ही सांगत नाही. त्यांनी उलटी थांबायच्या गोळ्या आणि आणखी दोन तपासण्या लिहून दिल्या. चूक त्यांची नव्हती. खोट्या माहितीवर खरा इलाज कसा होणार?

नवव्या रोज्याला दुपारी ओटा पुसताना डोळ्यांपुढे अंधारी आली. ओट्याची कड हातात आली म्हणून पोटावर पडले नाही. पुन्हा दवाखाना. तिथल्या नर्सने माझ्या मनगटाच्या वरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडी तशीच उभी राहिली, हळूहळू खाली बसली. तिने नवऱ्याला कागद आणायला बाहेर पाठवलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "किती दिवस झाले रोजे?" मी रडत नऊ बोटं दाखवली. मग सलाईन लागलं. बाळाचे ठोके ऐकू येईपर्यंत त्या खोलीत मी जे अनुभवलं, ते कुठल्याही मुलीच्या वाट्याला येऊ नये.

आता मुद्द्याचं. आजारी माणसाला आणि मुसाफिराला रोज्याची सवलत कुराणातच दिली आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाची भीती असेल तर रोजा सोडायची मुभा आहे, यावर चारही मजहब, म्हणजे सुन्नींमधले शरीयतचे चार संप्रदाय, एक आहेत. फरक पुढच्या हिशेबात आहे. हनफी असाल तर नंतर कजा, म्हणजे तेवढे रोजे भरून काढायचे. कोकणपट्टीत आम्ही बरेचजण शाफई. शाफईंमध्ये स्वतःच्या तब्येतीच्या भीतीने सोडले तर फक्त कजा, आणि केवळ बाळाच्या काळजीने सोडले तर कजा अधिक फिदया, म्हणजे एका रोज्यामागे एका गरिबाचं धान्य. आपलं घर कुठल्या मजहबचं आहे ते आपल्या मौलानांना विचारून घ्या. मोबाईलवर तीस सेकंदांचा व्हिडिओ बघून ठरवू नका. त्या व्हिडिओतल्या माणसाला तुमचं हिमोग्लोबिन माहीत नसतं.

माझी पद्धत सांगते. कॅलेंडरच्या पाठीमागे मी सुटलेल्या रोज्यांच्या रेघा मारून ठेवल्या. मुलाचं अंगावरचं दूध सुटल्यावर नोव्हेंबर ते जानेवारी, दिवस लहान असताना, सोमवार आणि गुरुवार धरून एकेक भरत गेले. भरला की रेघेवर काट. घाई केली नाही.

हल्ली मुली म्हणतात, "चाची, आता रमजान थंडीकडे सरकलाय, दिवस लहान आहेत, काही होत नाही." खरं आहे, रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०१८ च्या मे-जूनमध्ये लंडनला अठरा तासांहून मोठे रोजे होते, तसे आता नाहीत. पण दिवस लहान झाला म्हणून तुमची शुगर आणि बीपी बदलत नाही. डॉक्टरांना रोज्याचे तास सांगा, मग विचारा. त्यांनी परवानगी दिली तरी चक्कर, जोराची डोकेदुखी, ताप, गडद आणि कमी लघवी, पोटात कळा, यातलं काहीही झालं तर रोजा सोडायचा. बाळाची हालचाल मंदावली तर मगरीबची वाटसुद्धा बघायची नाही, तडक दवाखाना गाठायचा.

बॅगेतली खसखस

ही दुसरी चूक, आणि हिच्यापायी मी माझ्या जावेशी दोन दिवस अबोला धरला होता.

पुतणीला पाचवा महिना होता, रमजानच्या आधी ती दुबईला परत निघाली होती. पहाटे मोपाच्या विमानतळावर पोचायचं होतं. रात्री अकरा वाजता मी डिचोलीच्या घरी गेले तर हॉलमध्ये दोन बॅगा उघड्या. शीरखुर्म्याचा घरचा मसाला, शेवया, चारोळी, खारीक. शिवाय बाळंतपणासाठी आत्तापासूनच डिंकाचे लाडू, "तिकडे कोण करून घालणार" म्हणून. मी एक लाडू फोडला. डिंक, खोबरं, आणि सगळीकडे भाजलेली खसखस. मसाल्याची पुडी उघडली तर तिच्यातही खसखस.

खसखस अफूच्या बोंडातली. आपल्याकडे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उघड्यावर मिळते, पण संयुक्त अरब अमिरातीत ती बंदी असलेल्या अमली पदार्थांत मोडते. सौदी आणि कतारमध्येही ती चालत नाही. दुबई विमानतळावर एका स्विस माणसाच्या कपड्यांवर खसखशीचे तीन दाणे सापडले आणि त्याला चार वर्षांची शिक्षा झाली, ही बातमी २००८ साली जगभरच्या वर्तमानपत्रांत आली होती. दाणे बहुधा पावावरून पडलेले. आणि आमच्या पोरीच्या बॅगेत चाळीस लाडू!

जाऊ म्हणाली, "अगं, सगळेच नेतात." दीर म्हणाले, "लाडू कोण फोडून बघतं?" पोटुशी पोर परक्या देशात जातेय आणि कोणी बघणार नाही या भरवशावर तिला पाठवायची? मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. लाडू ठेवून घेतले. मसाला ठेवून घेतला. एवढ्याने भागलं नाही, कारण पुडी फुटून दाणे बॅगेच्या शिवणीत शिरले होते. टॉर्च लावून बघितलं तर अस्तराच्या टाक्याटाक्यात राखाडी ठिपके. झाडून निघेनात. शेवटी ती बॅगच बाजूला ठेवली आणि शेजारणीची बॅग मागून आणली.

तेव्हापासून माझा नियम आहे. आखातात जाणाऱ्या मुलीची बॅग भरायची तर आधी रिकामी बॅग झटकायची, आणि घरचा कुठलाही मसाला द्यायचा नाही. शीरखुर्म्याला शेवया, खजूर, चारोळी, बदाम, पिस्ते सगळं तिकडे मिळतं. खसखशीवाचून शीरखुर्मा अडत नाही. डिंकाचे लाडू खसखस वगळून, तिथल्याच स्वयंपाकघरात करा. खोकल्याचं औषध, झोपेच्या किंवा जोरकस दुखण्याच्या गोळ्याही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नेऊ नका, कोडीन हे अफूच्या जातीचं द्रव्य असलेलं तर नकोच. इंग्लंडला जाणाऱ्यांनी मटणाचं लोणचं, खवा, पेढे इथेच ठेवावेत. भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत.

बकरी ईदची कलेजी

कुर्बानी झाली की घरात पहिली शिजते ती कलेजी, आणि पहिली वाटी पोटुशीला, रक्त वाढतं म्हणून. माझ्या सासूनेही तसंच केलं होतं. पण कलेजीत अ जीवनसत्त्व भरमसाट असतं, आणि ते जास्त झालं तर गर्भाला अपाय होऊ शकतो. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला तर स्पष्ट आहे: गरोदरपणात कलेजी खाऊच नका. लोहासाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्या. मटण खा, पण आतपर्यंत नीट शिजलेलं. कच्चं मटण साफ करायचं काम त्या वर्षी नवऱ्याला द्या. स्वतः करावंच लागलं तर हातमोजे घाला, नंतर सुरी, पाट आणि हात साबणाने धुवा. कच्च्या मांसातून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो, तो बाळाला धोक्याचा आहे.

मस्कतला आमच्या शेजारच्या ओमानी खालाने शुवा पाठवला होता. मसाला चोळलेलं मटण पानांत बांधून जमिनीतल्या भट्टीत दिवसभराहून जास्त ठेवतात. हाडावरून आपोआप सुटून येत होतं. ते मी पोटभर खाल्लं.

महिने मोजायचे, आठवडे नाही

"सातव्याचा कार्यक्रम गोव्यात करू, ईदही होईल" असं घरचे ठरवतात आणि तिकीट काढतात. विमान कंपनी आठवडे मोजते. बहुतेक कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि ३६ नंतर घेत नाहीत. यायचं असेल तर परतीचा दिवसही आठवड्यांत मोजा. साखरेची मोठी तपासणी साधारण २४ ते २८ आठवड्यांत असते, नेमकी या येण्याजाण्यात ती बुडते. आपल्या भागातल्या बायकांना गरोदरपणीच्या मधुमेहाचा धोका जास्त, त्यात इफ्तारला खजूर आणि ईदला शीरखुर्मा. ती तपासणी चुकवू नका.

चंद्रावरून भांडण

२०२५ मध्ये सौदीत ३० मार्चला ईद झाली, ओमानला आणि आपल्याकडे ३१ ला. २०२४ मध्ये ओमानलाही आपल्या एक दिवस आधी. त्यामुळे घरच्यांबरोबर करायची म्हणून आज रोजा की उद्या ईद, असा घोळ घालू नका. पाय ज्या जमिनीवर आहेत तिथल्या ईदला ईद. इंग्लंडमध्ये तर एकाच शहरात दोन मशिदी दोन दिवशी ईद करतात. जवळची मशीद धरा आणि तिच्याबरोबर राहा. कुर्बानीचे पैसे गावी पाठवले असतील तर ती गावच्या ईदला होणार, हे नवऱ्याला आधी सांगून ठेवा.

आणखी थोडं

काळी मेंदी लावू नका. तिच्यात केसांच्या रंगातलं रसायन असतं, कातडी भाजते. पानांची लाल मेंदी चालते.

तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची जादा नमाज, खुर्चीवर बसून पढता येते.

इंग्लंडमध्ये नोकरी करत असाल तर गरोदरपणाच्या तपासण्यांना पगारी वेळ मिळणं हा तुमचा कायद्याने हक्क आहे. त्यासाठी स्वतःची रजा खर्चू नका. ईदला तिथे सरकारी सुट्टी नसते, ती रजा ईदला वापरा.

आखातात रमजानमध्ये दवाखान्यांच्या वेळा बदलतात. पहिल्या रोज्याआधीच फोन करून नवी वेळ लिहून घ्या.

निकाहनामा पुरत नाही. गोव्यात नागरी निबंधकाकडची नोंदणी लागतेच, त्या दाखल्याचं परराष्ट्र खात्याकडून प्रमाणीकरण करूनच निघा. आखातात प्रसूतीच्या वेळी दवाखाना तो मागतो. ईदच्या लांब सुट्टीत बाळ आलं आणि दाखला गोव्यातल्या कपाटात असला तर नवऱ्याची धावपळ होते. आणि बाळाच्या जन्माची नोंद भारतीय दूतावासात एका वर्षाच्या आत करा, भारतीय नागरिकत्वासाठी ती लागते.

ही चूक इथल्यांची

आया, सासवा, मावश्या, खाला, हे तुमच्यासाठी. फोन लागला की पहिला प्रश्न "रोजा आहे ना?" असतो. पलीकडची पोर एकटी असते, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून "हो" म्हणते, आणि एकदा "हो" म्हटलं की दिवसभर पाण्याला हात लावत नाही. हे मी फार जवळून पाहिलंय. मी आता मुलीला फोन करायच्या आधी तिच्या आईला फोन करते आणि हा प्रश्न विचारू नका म्हणून सांगते. काही रागावतात. रागावू देत.

पुतणी दुबईला गेली त्या वर्षी रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात मी जावेकडे बसले होते. इथे तीन वाजले होते, दुबईला दीड. तिने पोरीला फोन लावला आणि विचारलं, "जेवलीस का?" पलीकडून उत्तर यायला वेळ लागला, पुतणीच्या तोंडात घास होता.