घोटा वर वळत नसेल तर टॅलस (नडगी आणि टाचेमधलं हाड) मागे कसा सरकवावा

रुग्णाला उताणं झोपवा, टाच टेबलाच्या कडेबाहेर. एका हाताने घोट्याच्या दोन्ही हाडांच्या जरा वर नडगी घट्ट धरा. दुसऱ्या हाताच्या अंगठा-तर्जनीमधली बेचकी टॅलसवर, म्हणजे त्या हाडांच्या लगेच खाली, टेकवा आणि सरळ जमिनीकडे दाबा. सेकंदाला एक-दोन लयबद्ध दाब, 30 सेकंद, तीन फेऱ्या. पाऊल किंचित खालीच झुकलेलं असू द्या. पूर्ण वर ओढलं की टॅलसचा रुंद पुढचा भाग खोबणीत अडकतो आणि दाब वाया जातो. नवशिक्यांची बेचकी हमखास नडगीवर चढते. घोट्याच्या पुढच्या बाजूला कळ आली तर हात थोडा बाजूला घ्या. ताजी दुखापत आणि चार पावलंही टाकता येत नाहीत? आधी एक्स-रे. फेऱ्यांआधी आणि नंतर गुडघा भिंतीला टेकवून पायाच्या अंगठ्याचं भिंतीपासूनचं अंतर मोजा, टाच उचलू न देता.