मालिश करणाऱ्यांनो, अंगठा आणि कंबर शाबूत ठेवायची असेल तर या चुका टाळा

नौपाड्यात मसाजचे काम सुरू केल्यानंतर तिसऱ्या वर्षी एका सकाळी मला तिळाच्या तेलाच्या बाटलीचे झाकण फिरवता आले नाही. अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ गेली की शेजारच्या काकूंना हाक मारून झाकण उघडून घ्यावे लागले. दिवाळीआधीचा आठवडा असल्याने अभ्यंगासाठी दिवसाला सात-सात जण येत होते, आणि मीही दुखण्याचा सगळा दोष कामाच्या व्यापावर टाकला. आज नव्याने शिकायला येणाऱ्या मुलींचे हात पाहताना तीच चूक पुन्हा दिसते, म्हणून हे लिहीत आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दाब बोटांनी निर्माण करणे. समोरचा माणूस ‘ताई, अजून जोर द्या’ म्हणाला की आपण नकळत अंगठा अधिक रोवतो, आणि त्या वेळी नीट पाहिले तर अंगठ्याचे टोक धनुष्यासारखे मागे वाकलेले दिसते. एवढ्याशा सांध्यावर पाठीचा घट्ट स्नायू मोकळा करण्याचे ओझे टाकले तर तो किती काळ टिकणार? एक पाय पुढे, दुसरा मागे, गुडघे किंचित सैल आणि बेंबीचा रोख हाताच्या दिशेने ठेवून मागच्या पायाने जमीन रेटली, की शरीराचे वजन खांदा, कोपर आणि मनगट यांच्या सरळ रेषेतून आपोआप खाली उतरते. लांब घासणीसाठी कोपर ते मनगट हा सपाट भाग वापरावा, आणि अंगठा केवळ गाठ शोधण्यापुरता ठेवावा. कोपराने दाब देताना मात्र टोकदार हाड टेकवू नये. त्याच्या आतल्या बाजूच्या खोबणीतून करंगळीकडे जाणारी नस दबते, म्हणून कोपराच्या किंचित खालचा भाग टेकवावा. तेल जास्त झाले की हात निसटतो आणि बोटे पकडीसाठी आवळली जातात, तेव्हा तेल बेताचेच घ्यावे.

टेबलाची उंची ही दुसरी बाब. सरळ उभे राहून हात सैल सोडल्यावर मिटलेल्या मुठीची पेरे टेबलाला टेकली, तर सर्वसाधारण कामासाठी उंची बरोबर समजावी. खोल दाबाचे काम असेल किंवा झोपलेली व्यक्ती अंगाने भरलेली असेल, तर टेबल आणखी थोडे खाली घ्यावे. एकाच टेबलावर दोघी-तिघी आळीपाळीने काम करतात, तिथे पायांचे स्क्रू फिरवण्याचा कंटाळा सर्रास केला जातो.

घरी जाऊन काम करणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. वाशी, नेरुळ किंवा खारघरच्या फ्लॅटमध्ये बहुधा दिवाणावरच मालिश करावी लागते आणि उभ्याने वाकले की तासाभरात कंबर बोलू लागते. अशा वेळी दिवाणाशेजारी जाड घडीच्या सतरंजीवर एक गुडघा टेकवून बसावे, आणि बाजू बदलताना गुडघाही बदलावा. बाळंतिणीची आणि बाळाची मालिश करणाऱ्या बायका पाय लांब करून जमिनीवर बसतात. त्यांनी पाठ भिंतीला टेकवली आणि बुडाखाली उशी घेतली, तर कमरेवरचा ताण बराच उतरतो. घडीचे टेबल नेत असाल, तर बारा-पंधरा किलोंचे ते ओझे एका खांद्यावर लटकवण्याऐवजी चाकांच्या ट्रॉलीवर न्यावे. दिवसभर राबलेल्या हातानेच संध्याकाळच्या लोकलमध्ये वरची कडी धरायची आणि त्याच अंगठ्याने मोबाइल सरकवत राहायचे, ही सवय मला स्वतःलाही अजून पूर्ण सोडता आलेली नाही.

दोन जणांमध्ये पंधरा मिनिटे मोकळी ठेवावीत, आणि लागोपाठ खोल दाबाची कामे घेऊ नयेत. त्या वेळात हात समोर ताठ करून दुसऱ्या हाताने बोटे एकदा खाली, एकदा वर अशी वीस-तीस सेकंद हळुवार ओढावीत. पाच बोटांभोवती रबरबँड अडकवून ती बाहेर उघडण्याचा व्यायामही करावा, कारण आपले काम मिटणाऱ्या स्नायूंचेच असते आणि उघडणारे स्नायू मागे पडतात.

आपली चूक नेमकी कुठे होते आहे, याचा पत्ता दुखण्याची जागाच सांगते. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकवताच अंगठ्याच्या बाजूने चमक निघाली, तर तिथल्या कंडऱ्यांच्या, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या, आवरणाला सूज असण्याची शक्यता असते. १८९५ साली स्विस शल्यविशारद डी क्वेर्वेन यांनी या विकाराचे वर्णन केले, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होऊन हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर मनगटातील नस दबत असावी. मुंग्या करंगळीत येत असतील, तर कोपराकडे पाहावे. बाम चोळून आणि क्रेप बँडेज बांधून काम रेटणे ही यातली शेवटची चूक. बधिरपणा दोन आठवड्यांत ओसरला नाही किंवा हातातून वस्तू निसटू लागल्या, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. जाताना आपण काम कसे करतो याचा मिनिटभराचा व्हिडिओ काढून न्यावा. माझ्या व्हिडिओत दोन्ही खांदे कानांकडे चढलेले होते आणि टेबल माझ्यासाठी चांगले चार बोटे उंच होते, कारण माझ्याआधीची उंच सहकारी ते स्वतःच्या मापाने लावून गेली होती आणि मी ते एकदाही बदलले नव्हते.