मझल ब्रेक बसवण्याआधीची तयारी

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचे रायफल हंगाम ऑक्टोबरपासून सुरू होतात, पण रायफलीला मझल ब्रेक (धक्का कमी करण्यासाठी नळीच्या तोंडाला बसवायचा झरोक्यांचा तुकडा) लावायचा की नाही हे जूनमध्येच ठरवून टाका. नळीच्या तोंडाला आटे पाडून घ्यायचे असतील तर हंगाम जवळ आला की गनस्मिथकडे, म्हणजे बंदुकीच्या कारागिराकडे, कामं तुंबतात. शिवाय ब्रेक बसल्यावर नव्याने झिरो करायला (स्कोपचा नेम गोळी लागते त्या जागेशी जुळवायला) आणि सरावाला निदान महिनाभर हाताशी हवा. मी इथे .३०० विन्चेस्टर मॅग्नमची बोल्ट अ‍ॅक्शन (बोल्ट हाताने मागेपुढे करून काडतूस भरायची) रायफल डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. १९६३ साली आलेलं हे काडतूस एल्कसाठी सर्रास वापरतात आणि त्याचा धक्का नवख्या खांद्याला चांगलाच जाणवतो. साडेआठ पौंडांच्या रायफलीतून १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळी-पावडरच्या वजनाचं माप) गोळी सुटली की साधारण २८ फूट-पौंड ऊर्जा मागे येते. तेवढ्याच वजनाच्या .३०८ विन्चेस्टर रायफलीत हा आकडा पंधराच्या आसपास असतो.

ब्रेकवर पैसे घालण्याआधी रायफल अंगाला बसते का ते तपासा. दस्ता लांब असेल तर मान पुढे ताणावी लागते, आखूड असेल तर स्कोप भुवईवर आदळतो. दस्त्याच्या टोकाचं रबर जुनं होऊन कडक झालं असेल तर ते बदलून बघा, स्कोप डोळ्यापासून साडेतीन-चार इंच राहतो ना ते पाहा, सरावासाठी १५० ग्रेनची हलकी काडतुसं वापरून बघा. एवढ्यावर नेम स्थिरावला आणि चाप ओढताना डोळे मिटणं थांबलं, तर ब्रेकची गरज नाही.

गरज असेलच, तर ब्रेक नेमकं काय करतो हे समजून घ्या, म्हणजे जाहिरातीतल्या आकड्यांना भुलणार नाही. धक्का दोन गोष्टींचा मिळून बनतो: पुढे जाणारी गोळी आणि तिच्यामागून सुटणारा जळलेल्या पावडरचा वायू. .३०० विन मॅगमध्ये सुमारे ७२ ग्रेन पावडर जळते आणि तिचा वायू गोळीपेक्षा कितीतरी जास्त वेगाने तोंडातून बाहेर पडतो. संवेगाचा हिशेब मांडला तर धक्क्याचा साधारण दोन पंचमांश भाग या वायूचा निघतो. ब्रेकच्या हातात असतो तो एवढाच भाग. तो वायू आतल्या आडव्या भिंतींवर आपटून बाजूला वळतो आणि त्या आपटण्यात रायफल पुढे ओढली जाते. म्हणूनच .४५-७० सारख्या जड गोळीच्या, कमी दाबाच्या काडतुसाला ब्रेकचा लाभ कमी होतो आणि वेगवान मॅग्नमला पुष्कळ. संवेग पाव भागाने घटला की ऊर्जा ४४ टक्क्यांनी घटते. म्हणजे धक्का तीस ते पन्नास टक्क्यांनी घटतो हा जाहिरातींतला दावा मॅग्नमच्या बाबतीत खरा ठरू शकतो.

आता कानाकडे या, कारण माझ्या मते निवडीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. मागे झेपावणारा वायू आपल्यासोबत आवाजही मागे आणतो. क्षणिक आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची रेषा मानतात. मोठ्या रायफली ब्रेकशिवायच ती ओलांडतात, आणि ब्रेक लावला की नेमबाजाच्या कानाशी आणखी पाच ते दहा डेसिबलची भर पडते. दहा डेसिबल म्हणजे हवेचा दाब तिपटीहून थोडा जास्त. एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, आणि कानात कायमची शिट्टी वाजत राहिली तर रात्रीची झोपही जाते. त्यामुळे ब्रेकसोबत फोमचे बोळे आणि वरून मफ (हेडफोनसारखे कान झाकणारे), दोन्ही विकत घ्या. दोघांच्या आकड्यांची बेरीज होत नाही, दुसऱ्या थराने साधारण पाचच डेसिबल वाढतात, पण ते पाच हवेतच. बोळा नुसता कानाच्या तोंडाशी टेकवू नका. बोटांत फिरवून दाभणासारखा बारीक करा, दुसरा हात डोक्यामागून आणून कानाची पाळी वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. बाहेरून टोक जेमतेम दिसलं की बरोबर बसला.

शेजारी कोण असणार याचाही विचार आत्ताच करा. ब्रेकच्या बाजूच्या भोकांतून सुटणारा झोत सर्वांत जास्त लागतो तो दोन्ही बाजूंच्या माणसांना. नवरा, मुलगी, मित्र किंवा गाइड तुमच्या खांद्याशेजारी दुर्बीण लावून बसणार असेल, तर तुम्ही बार केल्यावर त्याचे कान बधिर होतील. बरेच गाइड याच कारणाने ब्रेकवर नाराज असतात, म्हणून बुकिंग करतानाच विचारून घ्या. काही रेंजवरही ब्रेकवाल्यांना वेगळं, कडेचं बाक देतात. शिकारीत एल्क झुडपातून बाहेर येतो तेव्हा बोळे घालायला सवड मिळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक मफ बरे पडतात: पाचोळ्याची सळसळ ऐकू येते आणि बार झाला की आवाज कापला जातो.

प्रकार निवडताना जमिनीकडे बघा. चहूबाजूंनी भोकं असलेला गोल ब्रेक दिसायला सुबक, पण पालथं झोपून बार केला की खालच्या भोकांतून धुरळा उडतो आणि दुसऱ्या बारासाठी काही दिसत नाही. तळ बंद असलेला, दोन्ही बाजूंना मोठे झरोके असलेला ब्रेक मला मोकळ्या माळावर जास्त पटतो. झरोके मागे कललेले असले तर धक्का आणखी कमी होतो आणि आवाज आणखी वाढतो. वरच्या भोकांचं काम वेगळं आहे: ती तोंडाची उसळी दाबतात, त्यामुळे गोळी लागलेली स्कोपमधूनच पाहता येते. लांबी दोन-तीन इंचांनी वाढते हे लक्षात ठेवा. दाट झाडीत हिंडायचं असेल तर तेवढंही खुपतं.

आटे मोजून घ्या. अमेरिकेत .३० कॅलिबरला बहुधा ५/८-२४, म्हणजे ५/८ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे. .२२३ ला १/२-२८. युरोपीय रायफलींवर एम१४x१ किंवा एम१५x१ सुद्धा आढळतात, आणि चुकीचा ब्रेक दोन फेरे बसून पुढे आटे खाऊन टाकतो. पातळ नळी असेल तर गनस्मिथला सरळ विचारा, ५/८ चे आटे पाडल्यावर ब्रेक टेकायला पुरेशी खांदपट्टी उरते का. तिथे कडा अरुंद राहिली तर ब्रेक तिरका बसतो. वळवून कसायचा ब्रेक, मागून चिमट्यासारखा आवळणारा ब्रेक आणि मागे लॉकनट असलेला ब्रेक यांतला शेवटचा मला घरच्या घरी बसवायला सोपा वाटतो, कारण झरोके आडवे आणण्यासाठी वॉशर घासत बसावं लागत नाही. बसवताना रायफल रिकामी आहे हे दोनदा बघा आणि पकड नळीवर ठेवा, अ‍ॅक्शनवर नको. कितपत कसायचं तो आकडा बनवणाऱ्याने दिलेला असतो, तोच पाळा.

बसवल्यावर बार करण्याआधी एक तपासणी टाळू नका. ब्रेकचं गोळी जाण्याचं भोक गोळीपेक्षा सुमारे ०.०२० इंचाने, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरने मोठं असतं. .३०८ गोळीला ०.३२८. एवढ्याशा फटीत गोळी भिंतीला घासली तर नेम गेलाच, ब्रेकही फाटू शकतो. नळीच्या मापाची सरळ पोलादी कांडी तोंडाकडून आत सरकवा आणि समोरून प्रकाश टाकून पाहा: कांडीभोवतीची काळी फट सगळीकडे सारखी दिसायला हवी. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला केसाएवढी दिसली तर ब्रेक काढून पुन्हा बसवा. तरी तशीच राहिली तर आटेच तिरके आहेत, रायफल गनस्मिथकडे परत न्या.

कायदा आणि नियम एका संध्याकाळी वाचून संपवा. बोल्ट अ‍ॅक्शनवरच्या ब्रेकला अमेरिकेत केंद्रीय आडकाठी नाही, पण न्यूयॉर्कमध्ये सेमी-ऑटो रायफलीवर ब्रेक असला तर तो बंदी ठरवणाऱ्या लक्षणांत मोजला जातो. आवाज कमी करणारा सप्रेसर हा वेगळा प्रकार आहे. तो धक्का आणि आवाज दोन्ही उतरवतो, पण १९३४ च्या कायद्याखाली नोंदणी लागते. तुमच्या राज्यात परवानगी असेल आणि थांबायची तयारी असेल तर मी ब्रेकऐवजी तोच सुचवेन. एच-१बी व्हिसावर असाल तर बंदूक बाळगण्यासाठी एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना खिशात हवा. आणि गावाकडच्या भावासाठी म्हणून ब्रेक बॅगेत टाकू नका. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही येतात. तसाही तो बऱ्याच स्पर्धांत चालत नाही: कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्य मिळवलं, तिथे आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनी मझल ब्रेक वर्ज्य आहे. एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या नेमबाजीतही तो चालत नाही, प्रिसिजन रायफल सिरीज या स्पर्धांमध्ये चालतो.

मग रेंजवर जा. ब्रेकचं वजन नळीच्या टोकाला आल्याने गोळी वेगळ्या जागी लागते, म्हणून १०० यार्डांवर पुन्हा झिरो करा. ब्रेक काढून आट्यांवर टोपण लावून बार करणार असाल तर तोही झिरो वेगळा नोंदवा आणि चिठ्ठी दस्त्याला चिकटवा. सफाईआधी ब्रेक काढायचाच, नाहीतर चिंधी झरोक्यात अडकते आणि काळी घाण पुन्हा नळीत ओढली जाते. परत लावताना आट्यांवर अँटी-सीझचा (आटे जाम होऊ न देणाऱ्या लेपाचा) पातळ हात द्या.

हंगामाच्या पिशवीत ब्रेकचा पाना, आट्यांचं टोपण आणि बोळ्यांची जादा जोडी ठेवा. साध्या नळीच्या तोंडावर चिकटपट्टी लावून बर्फ अडवता येतो, ब्रेकच्या झरोक्यांतून तो बाजूने शिरतो. त्यामुळे बर्फात पडला-धडपडलात तर काडतुसं काढा, बोल्ट काढा आणि मागच्या बाजूने नळीतून उजेड आरपार दिसतो का ते बघून मगच पुढे चाला.