गणिताची पदवी: आखणी शेवटच्या वर्षापासून करा

पदवीच्या नियमांचा कागद हातात आला की बहुतेक विद्यार्थी पहिल्या सेमिस्टरचे विषय बघतात, ते घेऊन टाकतात आणि बाकीचं पुढे बघू म्हणतात. मी गणित शिकवते, विषय निवडायला मदतही करते. समोर येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न शेवटच्या वर्षाबद्दल विचारते: तेव्हा तुला काय शिकत असायला आवडेल? टोपॉलॉजी, नंबर थिअरी, स्टॅटिस्टिक्स, कुठलंही उत्तर चालतं. उत्तर ठाऊक नसेल तरी हरकत नाही, मग एकही वाट बंद होणार नाही अशी आखणी करायची. पण ती करायची शेवटाकडून सुरुवातीकडे.

कारण गणितात जवळपास प्रत्येक विषयाला ‘आधी हा झालेला हवा’ अशी अट असते, आणि ती नावापुरती नसते. समजा शेवटी मेजर थिअरी, म्हणजे लांबी-क्षेत्रफळासारख्या मोजमापांचा सिद्धांत, घ्यायची आहे. तिच्याआधी कॅल्क्युलसमागच्या सिद्धता शिकवणाऱ्या रिअल अ‍ॅनालिसिसचे दोन भाग हवेत, त्यांच्याआधी सिद्धता लिहिण्याचा विषय, त्याच्याआधी कॅल्क्युलसचे दोन भाग. मोजा: सहा सेमिस्टर झाली. पदवी तीन वर्षांची असेल तर या साखळीत एकही सेमिस्टर मोकळं उरत नाही. पहिल्या वर्षी ‘कॅल्क्युलस दोन नंतर घेईन’ असं म्हटलं की शेवटच्या वर्षाचा तो पेपर तिथेच हातचा गेला.

म्हणून कोऱ्या कागदावर सगळे सक्तीचे आणि आवडीचे विषय लिहा आणि कुठला कशाआधी लागतो त्याचे बाण काढा. सगळ्यांत लांब साखळी कुठली ते शोधा आणि तिचे विषय आधी वेळापत्रकात बसवा. बाकीचे उरलेल्या जागांत बसतात. एवढं झालं की विभागात जाऊन एक गोष्ट विचारून या: वरच्या वर्गांचे कुठले पेपर दरवर्षी होतात आणि कुठले एक वर्षाआड? छापील यादीत नाव असलं म्हणजे तुमच्या शेवटच्या वर्षी तो विषय शिकवला जाईलच असं नसतं, आणि हे कळायची वेळ नाव नोंदवण्याच्या दिवशी येऊ नये.

तुमची पदवी कुठल्या पद्धतीची आहे तेही सुरुवातीलाच समजून घ्या. जर्मनीत गणिताचा विद्यार्थी पहिल्याच सेमिस्टरला अ‍ॅनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा घेतो, आणि दोन्हींत पहिल्या आठवड्यापासून सिद्धता लिहायच्या असतात. अमेरिकेत आधी आकडेमोडीचा कॅल्क्युलस होतो आणि सिद्धतेचे विषय साधारण दुसऱ्या वर्षाकडे येतात. तिथली पदवी बहुधा १२० क्रेडिटची असते आणि त्यात भाषा, समाजशास्त्र, विज्ञान यांनाही जागा द्यावी लागते. युरोपीय पद्धतीत तीन वर्षांचे १८० क्रेडिट, म्हणजे वर्षाला ६०. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं. वर्षाचे १५०० ते १८०० तास झाले, आणि त्यातला वर्गात बसण्याचा वेळ थोडाच असतो. हा गुणाकार मी मुद्दाम करून दाखवते, कारण गणिताचा अभ्यास वहीवर एकट्याने होतो आणि त्या वेळेची नोंद कुठल्याच वेळापत्रकात दिसत नाही.

आता विषयांकडे. एका चलाचा कॅल्क्युलस, अनेक चलांचा कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स, पहिला लिनिअर अल्जिब्रा आणि थोडं प्रोग्रॅमिंग: हा पाया जवळपास सगळीकडे सारखा. यात चांगले गुण मिळवणारे विद्यार्थी पुढे रिअल अ‍ॅनालिसिसमध्ये अडखळतात, आणि तिथे मला सगळ्यांत जास्त वेळ द्यावासा वाटतो.

कॅल्क्युलसमध्ये तुम्ही एखादं तथ्य वापरता. अ‍ॅनालिसिसमध्ये तेच का खरं आहे हे दाखवायचं असतं. ० ते १ या अंतरावर, दोन्ही टोकं धरून, फंक्शन कंटिन्युअस, म्हणजे सलग, असेल तर त्याच्या किमती एका मर्यादेतच राहतात. चित्र काढलं की हे उघड वाटतं. आता ० हे टोक काढून टाका आणि ‘एक भागिले क्ष’ हे फंक्शन घ्या. उरलेल्या अंतरावर ते कंटिन्युअस आहे, तरी शून्याजवळ त्याच्या किमती कुठल्याही मर्यादेच्या पलीकडे जातात. एक बिंदू गेला आणि प्रमेय कोसळलं. मग टोकं नेमकी कुठल्या पायरीवर उपयोगी पडली? ती पायरी शोधायची आणि शब्दांत पकडायची, हेच या विषयाचं काम.

हे काटेकोरपण उगाच आलेलं नाही. कोशी या फ्रेंच गणितज्ञाने १८२१ सालच्या पुस्तकात विधान केलं की कंटिन्युअस फंक्शनांच्या अभिसारी (बेरीज एका ठराविक किमतीकडे जाणाऱ्या) मालिकेची बेरीजही कंटिन्युअस असते. १८२६ मध्ये नॉर्वेच्या आबेल या गणितज्ञाने एक मालिका पुढे ठेवली: साइन क्ष, वजा साइन २क्ष चा अर्धा भाग, अधिक साइन ३क्ष चा तिसरा भाग, असं पुढे अनंतापर्यंत. तिचं प्रत्येक पद कंटिन्युअस आहे. बेरीज मात्र उणे पाय आणि पाय (π) यांच्यामध्ये ‘क्ष भागिले दोन’ येते आणि नेमकी पायला शून्य होते. म्हणजे तिथे उडी आहे. कोशीसारख्याच्या नजरेतून जे निसटलं ते पकडायला युनिफॉर्म कन्व्हर्जन्सची कल्पना लागली: मालिका सगळ्या बिंदूंवर एकसारखी बेरजेकडे जायला हवी. साध्या अभिसरणाच्या आणि या नव्या अभिसरणाच्या व्याख्यांत फरक दिसतो तो फक्त ‘प्रत्येक’ आणि ‘असा एक असतो’ यांच्या क्रमाचा, आणि परीक्षेत विद्यार्थी पडतात तेही याच क्रमावर. मी तर म्हणेन, पदवीतला एकच विषय सावकाश, पुन्हा पुन्हा वाचून करायचा असेल तर तो हा.

म्हणून तुमच्याकडे सिद्धता-लेखनाचा स्वतंत्र विषय असेल तर तो ऐच्छिक असला तरी घ्या, आणि लवकर घ्या. नसेल तर नंबर थिअरीचा पहिला पेपर किंवा सिद्धतांसह शिकवला जाणारा लिनिअर अल्जिब्रा तेच काम करतो. दोनाचं वर्गमूळ अपरिमेय का, मूळ संख्या अनंत का, असे प्रश्न पूर्ण वाक्यांत लिहून दुसऱ्याला वाचायला द्या. वाचणारा जिथे ‘हे कशावरून?’ विचारेल तिथे तुमचं काम बाकी आहे.

दुसरा खांब अल्जिब्रा. ग्रुप, रिंग, फील्ड (बेरीज-गुणाकारासारख्या क्रियांच्या नियमांवर उभ्या असलेल्या रचना) हे विषय आले की आकडे जवळजवळ नाहीसे होतात, पण त्यामागचा प्रश्न जुना आणि अगदी ठोस आहे. वर्गसमीकरणाला सूत्र आहे, तिसऱ्या आणि चौथ्या घाताच्या समीकरणांनाही आहे, मग पाचव्याला का नाही? आबेलने १८२४ मध्ये असं सर्वसाधारण सूत्र असू शकत नाही हे सिद्ध केलं. कुठली समीकरणं सुटतात आणि कुठली नाही, याचा उलगडा गाल्वा या फ्रेंच गणितज्ञाने केला. १८३२ मध्ये तो गेला तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा होता. गाल्वा थिअरीपर्यंत पोहोचवणारा अल्जिब्राचा दुसरा भाग तुमच्याकडे असेल तर तो सोडू नका. सिद्धतेची सवय नवी असताना अल्जिब्रा आणि अ‍ॅनालिसिस दोन्ही एकाच सेमिस्टरला मात्र घेऊ नका. दोन्हींचा गृहपाठ रात्र खाणारा असतो.

ऐच्छिक विषय पुढच्या वाटेप्रमाणे निवडा. संशोधनाकडे जायचं तर अ‍ॅनालिसिस आणि अल्जिब्राचे दोन-दोन भाग, कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस आणि टोपॉलॉजी हवेतच. नोकरीकडे कल असेल तर कॅल्क्युलसवर आधारलेली प्रोबॅबिलिटी, स्टॅटिस्टिक्स, न्यूमेरिकल अ‍ॅनालिसिस, ऑप्टिमायझेशन. शिकवायचं असेल तर भूमिती आणि गणिताचा इतिहास. लिनिअर अल्जिब्राचा दुसरा भाग या तिन्ही वाटांवर लागतो, त्यामुळे त्याच्याबद्दल मी कुणालाच पर्याय देत नाही.

शेवटच्या वर्षी प्रकल्प किंवा प्रबंध असेल तर आदल्या वर्षीच शिक्षकांशी बोला. ज्या विषयात तुम्ही दोन पेपर केलेत तिथलाच प्रश्न घ्या आणि लाटेक्स (गणित टाइप करायची संगणक प्रणाली) त्याआधी शिकून ठेवा.

बारीक अक्षरातले नियमही वाचा. मुख्य विषयांत किमान श्रेणी काय लागते, केवळ उत्तीर्ण होण्याने पुढचा पेपर मिळतो का, वरच्या पातळीचे किमान किती क्रेडिट हवेत, त्यातले किती याच संस्थेत घ्यावे लागतात. मधेच संस्था बदलायची शक्यता असेल तर केलेल्या प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम, वापरलेल्या पुस्तकाचं नाव आणि गृहपाठाच्या प्रती जपून ठेवा. ‘अ‍ॅनालिसिस एक’ या नावाखाली एका ठिकाणी रीमान इंटिग्रलपर्यंत शिकवतात, दुसरीकडे मेट्रिक स्पेसही त्यातच येतात. नवी संस्था क्रेडिट मान्य करताना नुसत्या नावावर जात नाही, कुठली प्रकरणं झाली ते बघते.